पुणे सोडावे काय?

पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतून सध्या एका प्रश्नाची चर्चा चालू आहे आणि ती बहुधा हलक्या आवाजात, दाराआड चालते. मुलगा परदेशात किंवा बंगळूरला नोकरीस आहे. आईवडील कोथरूडला अथवा सदाशिव पेठेत आपल्या घरी दोघेच राहतात. पुण्याच्या बातम्या वाचून तो तिकडून फोन करतो, "बाबा, आता तिथे राहणे शहाणपणाचे नाही. घर विका आणि आमच्याकडे या." दुसऱ्या घरी याच्या नेमके उलट आहे. आईची प्रकृती खालावली म्हणून मुलगी आणि जावई दहाबारा वर्षांनी परत येऊ म्हणतात; परंतु त्यांची स्वतःची लेक चौदा वर्षांची आहे आणि तिला या शहरात वाढवावे काय, या शंकेने त्यांचे पाऊल अडते. तिसरे घर बार्शीचे असेल, लातूरचे असेल. तेथील मुलगी पुण्यात शिकते आणि तिचा रात्रीचा फोन येईपर्यंत आईचा डोळ्याला डोळा लागत नाही. तिन्ही घरांच्या तराजूत एका पारड्यात गुन्हेगारीची भीती आहे व दुसऱ्यात रक्ताची नाती आहेत. हे वजन कसे करावे, याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

ही भीती मुळात खोटी आहे, वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ती फुगवली आहे, असे सांगणारा एक पक्ष आहे. त्या पक्षाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत, भर दिवसा, पेरूगेट पोलीस चौकीच्या परिसरात, एका विद्यार्थिनीच्या मागे तिच्या ओळखीचाच तरुण कोयता घेऊन धावला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलास काही तासांतच जामीन मिळाला आणि त्याने तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी अट त्यात होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. १ सप्टेंबर २०२४ रोजी नाना पेठेत एका माजी नगरसेवकाची हत्या झाली आणि अटक झालेल्यांत त्याचे जवळचे नातेवाईकच होते. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच वैरातून त्याच गोतावळ्यातील एका कोवळ्या तरुणाचा बळी गेला, असे पोलिसांचे म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात, उभ्या असलेल्या एस. टी. च्या शिवशाही बसमध्ये, फलटणला निघालेल्या तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद नोंदली गेली. ज्या स्थानकावर रात्रंदिवस माणसांची वर्दळ असते आणि जेथून पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर आहे, तेथे हे घडले असेल तर मुलीच्या आईने निर्धास्त राहावे, असे तिला कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

स्वारगेटच्या प्रकरणातील एक तपशील आमच्या मनातून जात नाही. आरोपीने त्या तरुणीस "ताई" अशी हाक मारून विश्वासात घेतले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. आपल्या समाजात परक्याशी बोलतानाही नात्याचा शब्द वापरण्याची रीत आहे. रिक्षावाला काका होतो, भाजीवाली मावशी होते, दुकानदार दादा होतो. त्या शब्दाने क्षणभर का होईना, समोरच्या माणसावर एक बंधन पडते आणि बोलणाऱ्याला आधार मिळतो. तोच शब्द सापळा म्हणून वापरला जातो तेव्हा गुन्हा एका व्यक्तीपुरता राहत नाही. परक्या माणसावर विश्वास टाकण्याची जी सवय शहराला शहर म्हणून चालवते, तिच्यावरच तो घाव असतो. म्हणून जे घाबरले आहेत त्यांस भित्रे म्हणून हिणविणे हा अन्याय आहे.

तथापि दुसऱ्या टोकाला जाऊन "पुणे आता राहण्याजोगे उरले नाही" असा निकाल देणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलण्यात एक गृहीत असते की, पूर्वीचे पुणे निर्भय होते. वास्तविक इतिहास तसे सांगत नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात रात्रीची तोफ झाली की रस्त्यात सापडेल त्यास कोतवालाचे शिपाई धरून नेत. शहराच्या रक्षणासाठी नेमलेला तो घाशीराम कोतवालच शेवटी शहराचा काळ ठरला. १७९१ साली त्याच्या कोठडीत गुदमरून एकवीस ब्राह्मण मेले आणि संतप्त जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. १८९७ च्या प्लेगात सरकारी तपासणीच्या जाचाला आणि रोगाला भिऊन लोक घरे सोडून बाहेर माळावर झोपड्यांतून राहिले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत जोशी-अभ्यंकर खून सत्राने तर या शहराला अक्षरशः कुलूप लावले होते. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, दार वाजले तरी कोणी उघडीत नसे. दहा माणसांचे प्राण घेणारे ते चौघे बाहेरून आलेले दरोडेखोर नव्हते. ते याच शहरातील एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांस २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्या काळात ज्यांनी आपल्या लहान मुलांना घट्ट जवळ घेऊन रात्री काढल्या, तेच आज आजी-आजोबा होऊन "आमच्या वेळी असे नव्हते" असे म्हणताना आढळतात. स्मरणशक्ती दयाळू असते. तिच्या साक्षीवर एवढा मोठा निर्णय करता येत नाही.

मग साक्ष कोणाची काढावी? आमच्या मते आकड्यांची काढावी, जरी आकड्यांनी सर्व काही कळत नसले तरी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे एका खुनामागे जवळजवळ सहा माणसे रस्त्यावर मरतात. परंतु कोयत्याच्या भीतीने मुलाला पुण्यात येऊ नको म्हणणारा बाप त्याच मुलाला हेल्मेटवाचून दुचाकी चालविताना पाहतो आणि काही बोलत नाही. खुनाच्या कारणांकडे पाहावे तर त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे ९,९६२ खून भांडणतंट्यांतून झाले. पैशाच्या लोभाने झालेले खून १,८८४ होते. महिलांवरील नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. तो शेकडा ३१ च्या पुढे भरला. आणि बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे प्रमाण देशात वर्षानुवर्षे शंभरांत नव्वदांच्या वरच राहिले आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपली भीती अनोळखी माणसाकडे, अंधाऱ्या गल्लीकडे आणि "बाहेरून आलेल्यां"कडे बोट दाखविते. धोका मात्र बहुतेक वेळा ओळखीच्या चेहऱ्याने, कित्येकदा घराच्या उंबरठ्याच्या आतूनच येतो. सदाशिव पेठेतील तो तरुण त्या मुलीस परका नव्हता. नाना पेठेतील वैर सोयरिकीतले होते. यावरून रस्त्यावरचा गुन्हा क्षुल्लक आहे, असे कोणी समजू नये. निष्कर्ष एवढाच निघतो की, शहर बदलल्याने यातील बराचसा धोका बदलत नाही. पुण्याहून बंगळूरला किंवा न्यू जर्सीला सामान हलविता येते. संशयी नवरा, सूडाने पेटलेला मित्र आणि सुसाट मोटार यांना कोणत्याही शहरात प्रवेशबंदी नाही.

वृद्धांच्या बाबतीत तर भीतीचा आणि धोक्याचा मार्ग आणखीच निराळा आहे. दरोडेखोर दार फोडून आत येईल, या भयाने आपण सदनिकेला दोन दारे, तीन कड्या आणि एक कॅमेरा बसवितो. परंतु आज वृद्धांना लुटणारा चोर दार वाजवितच नाही; तो भ्रमणध्वनीवरून येतो. "तुमच्या नावे आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी एक शब्दही बोलू नका" असे दरडावून आयुष्यभराची पुंजी काढून घेतली जाते. कायद्यात अशी अटक कोठेही नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून देशाला सांगावे लागले. या फसवणुकीचे सर्व बळ एका वाक्यात आहे: "कोणाशी बोलू नका." शेजारच्या घरात जाऊन "अहो, असा फोन आला आहे, हे खरे असेल काय?" एवढे विचारले तरी तो डाव तेथेच मोडतो. विचारण्यास कोणी नसते तेथेच तो साधतो. मुलाच्या काळजीचे खरे उत्तर तिसऱ्या कडीत नाही, हे यावरून उघड आहे. ते शेजारच्या उघड्या दारात आणि त्याने स्वतः रोज केलेल्या दहा मिनिटांच्या फोनात आहे.

येथे आपण तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडे येतो. नाती म्हणजे केवळ भावना, आणि भीती म्हणजे व्यवहार, असे समजून हा वाद घातला जातो. ती मोठी चूक आहे. नाते ही अत्यंत व्यावहारिक वस्तू आहे. घराची दुसरी किल्ली ज्याच्याकडे ठेवता येते तो शेजारी, दोन दिवस पिशवीतले दूध तसेच राहिले तर बेल दाबणारा दूधवाला, औषधांची नावे पाठ असलेला कोपऱ्यावरचा दुकानदार, रात्री दोन वाजता हाक मारावी असा भाचा आणि गणपतीच्या वर्गणीला येऊन घरात कोण आहे, कोण नाही याची आपोआप मोजदाद करणारी मंडळाची पोरे, या सर्वांची किंमत कोणत्याही सुरक्षा कंपनीच्या मासिक शुल्कात भरून निघणारी नाही. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तेथे राहणाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या सहज नजरेने, पोलीस त्यानंतर येतात, असे जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली मोठ्या शहरांविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. ज्यांचे बालपण वाड्यात गेले त्यांस हे पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. वाड्याच्या दिंडी दरवाजातून अनोळखी माणूस आत आला तर ओसरीवरील आजी चारदा विचारी, "कोण पाहिजे?" त्या चौकशीचा जाच होई, तिच्यात संकुचितपणाही होता, परंतु तिच्यात पहारा होता. वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाडे जाणे अटळ होते. शौचालयासाठी रांग लावण्याचे दिवस परत यावेत, असे कोणी म्हणणार नाही. पण वाड्याबरोबर तो प्रश्नही गेला. आज एका मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांना एकमेकांची आडनावे दारावरच्या पाटीपलीकडे ठाऊक नसतात.

सत्तरीच्या माणसाला या जाळ्यातून उचलून परक्या मुलखात नेणे म्हणजे त्याला धोक्यातून काढणेच असते, असे नाही. तेथे थंडीत बाहेर पडता येत नाही, मोटार चालविता येत नाही, मुले दिवसभर कामावर असतात आणि खिडकीतून दिसणाऱ्या निर्मनुष्य रस्त्याकडे पाहत संध्याकाळ करावी लागते. कित्येक आईवडील तेथून सहा महिन्यांनी परत येतात ते कृतघ्नपणाने नव्हे. त्यांना सुरक्षितता मिळालेली असते, पण ती कशासाठी, हे उमगत नसते. अर्थात ज्यांना तेथे नातवंडांचा सहवास गोड वाटतो त्यांनी जरूर राहावे. आमचा आक्षेप स्थलांतरास नाही. वृद्धांना न विचारता, एका बातमीच्या धसक्याने, त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावण्यास आहे.

परंतु नात्याची महती सांगताना त्याची मर्यादा न सांगणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. नाते हे आधार असते तसेच ते दावेही होऊ शकते. जिचा पाठलाग होत आहे, जिला धमक्या येत आहेत, जिच्या नवऱ्याचा हात रोज उठतो, तिच्या बाबतीत तराजू काढून वजन करीत बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिने ते घर, ती गल्ली, गरज पडल्यास ते शहर त्याच दिवशी सोडावे आणि पोलिसांत जावे. तिच्या नातेवाइकांचे कर्तव्य तिला "आपल्या माणसांत" परत ढकलण्याचे नसून तिच्या मागे उभे राहण्याचे आहे. "लोक काय म्हणतील" या तीन शब्दांनी या महाराष्ट्रात जेवढे बळी घेतले असतील तेवढे कोयत्यानेही घेतले नसतील. त्याचप्रमाणे आजारपणाचे, एकटेपणाचे, म्हातारपणाचे हत्यार करून मुलांना परत बोलावणाऱ्या आईबापांचेही आम्ही समर्थन करणार नाही. जे प्रेम मनात अपराधाची भावना निर्माण करून वसूल करावे लागते ते प्रेम तराजूत टिकत नाही.

आणखी एक किंमत अशी आहे की जी आपण मोजतच नाही, कारण ती दुसऱ्याकडून वसूल केली जाते. शहर असुरक्षित झाले की सर्वांत आधी मुलीचे घड्याळ मागे येते. तिने सातच्या आत घरी यावे, अभ्यासिकेत उशिरापर्यंत थांबू नये, रात्रपाळीची नोकरी घेऊ नये. ज्या पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शाळेत शिकवण्यास जाणाऱ्या सावित्रीबाईंवर चिखलशेण फेकले गेले, त्या पुण्याने तरी हा हिशेब नीट करावा. सावित्रीबाईंनी रस्ता सोडला नाही, म्हणून आज आपल्या लेकी शिकत आहेत. आईवडिलांची काळजी आम्हांस समजते. पण गुन्हा करणारा मोकळा हिंडतो आणि बंधन मात्र मुलीवर येते, या व्यवस्थेला सुरक्षितता हे नाव देण्यास आमची लेखणी तयार नाही.

आता या सर्व चर्चेत ज्यांचा उल्लेखच होत नाही त्यांच्याकडे वळू. पुणे सोडावे काय, हा प्रश्न ज्याला पडतो तो भाग्यवान आहे. कारण त्याला जाण्यास दुसरी जागा आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती नाही. गल्लीतील टोळके रात्री कोयते घेऊन गाड्या फोडत निघते, तेव्हा त्यांत वस्तीतील रिक्षा असतात, हप्त्यावर घेतलेल्या दुचाकी असतात, टेम्पो असतात. दुसऱ्या दिवशी ज्याची रोजी बुडते तो तिथलाच असतो आणि ज्याच्या हातात कोयता होता तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगाही अनेकदा तिथलाच असतो. त्या मुलाच्या आईला दोन भये एकदम असतात: आपल्या मुलाला कोणी मारील हे एक आणि आपला मुलगा कोणाला मारील हे दुसरे. गुन्हेगारीची भीती आणि रक्ताचे नाते यांचे खरे वजन ती बाई रोज रात्री करते आणि तिच्या तराजूला दुसरे पारडेच नाही.

अशा लोकांना राज्ययंत्रणेने वाऱ्यावर सोडले तर काय होते, हे नागपूरने पाहिले आहे. तेथील कस्तुरबानगर वस्तीला अक्कू यादव या गुंडाने अनेक वर्षे छळले. खून, बलात्कार, खंडणी यांच्या तक्रारी होऊनही त्याला जरब बसली नाही. शेवटी १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने त्याला न्यायालयाच्या आवारातच, प्रत्यक्ष न्यायदालनात, ठार मारले. पुढे २०१४ साली या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. जमावाने केलेली हत्या हा न्याय नव्हे. घाशीरामाच्या वेळीही नव्हता. परंतु ज्यांना पळून जाता येत नाही त्यांच्यावर ही पाळी आणणारे शासन त्या स्त्रियांना कायद्याचा उपदेश करण्याचा अधिकार गमावून बसते.

म्हणून या प्रश्नाचा मोठा भाग कुटुंबांनी सोडवावयाचा नसून शासनाने सोडवावयाचा आहे. पुण्यास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले ते १९६५ साली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत एकतीस लाख माणसे होती. त्यानंतर २०१७ आणि २०२१ मध्ये मिळून चौतीस गावे हद्दीत आली. रस्ते, दिवे, चौक्या आणि शिपाई त्या वेगाने आले काय, याचे उत्तर आंबेगाव, धायरी, मांजरी येथील रहिवासी रात्री नऊनंतर घराबाहेर पडून देऊ शकतील. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. त्याखाली केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत अशी तरतूद आहे की, प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, वृद्धांची यादी ठेवावी आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने सामाजिक कार्यकर्त्यासह महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी. आमच्या वाचकांपैकी किती वृद्धांच्या दारी असा शिपाई आला आहे? ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी त्याला चहा द्यावा. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांनी आपल्या ठाण्यावर जाऊन यादीत नाव घालण्याचा आग्रह धरावा.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. आयुक्तालयाने प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतील गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी मराठीत, सामान्य माणसास कळतील असे प्रसिद्ध करावेत, म्हणजे भीतीला अफवेखेरीज दुसरे खाद्य मिळेल. पायी गस्त पुन्हा सुरू व्हावी. जीपमधून जाणाऱ्या पोलिसाला रस्ता दिसतो, माणसे दिसत नाहीत. एस. टी. ची आगारे आणि पी. एम. पी. चे थांबे रात्रभर उजेडात असावेत. कोयता हाती घेतलेल्या मुलाची धिंड काढून छायाचित्र छापून आणणे सोपे आहे. तो मुलगा आठवीतून शाळेतून का गळाला, हे शोधणे अवघड आहे आणि तेच आवश्यक आहे. आणि कायदा सर्वांना सारखा लागावा. श्रीमंताच्या मुलाला निबंध व गरिबाच्या मुलाला धिंड, असे चित्र एकदा जनतेच्या मनात ठसले की कितीही कॅमेरे लावून त्या शहरात विश्वास उत्पन्न होत नाही.

राहता राहिला कुटुंबाचा निर्णय. तो प्रत्येकाने आपापला करावयाचा आहे. परंतु तो करताना काही गोष्टी स्वतःस विचाराव्यात. आपल्याला वाटणारी भीती नेमक्या माणसाची, नेमक्या जागेची आहे, की साऱ्या शहराविषयीची एक अस्पष्ट धास्ती आहे? नेमकी असेल तर तिच्यावर नेमका उपाय आहे: तक्रार, घरबदल, वाटबदल, प्रसंगी शहरबदल. अस्पष्ट असेल तर ती पेटीत भरून नव्या शहरातही आपल्याबरोबर येईल. ज्यांच्यासाठी निर्णय घ्यावयाचा त्या आईला, त्या बाबांना, त्या चौदा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले आहे काय? आणि आपण जिला "सुरक्षेची काळजी" म्हणतो, तिच्या आड न येण्याची सबब तर दडलेली नाही ना? हा शेवटचा प्रश्न कटू आहे. तथापि आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसावयाचे होते आणि शहर असुरक्षित म्हणून आलो नाही, हे उत्तर पुढे अनेक वर्षे स्वतःला देत राहावे लागते. त्यापेक्षा तो प्रश्न आजच विचारलेला बरा.

सदाशिव पेठेतील त्या प्रसंगाचा उल्लेख आम्ही प्रारंभी केला; त्याचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. ती मुलगी जिवाच्या आकांताने धावत होती तेव्हा रस्त्यावर माणसे होती आणि त्यांतील बरीच जागच्या जागी थिजली. पुढे झेपावून ज्या तरुणांनी कोयता अडविला ते स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी बाहेरगावाहून येथे आलेले विद्यार्थी होते. पेठेत त्यांचे घर नव्हते, सोयरेधायरे नव्हते, त्या मुलीशी त्यांची ओळख नव्हती. "बाहेरून आलेल्यांनी पुणे बिघडविले" असे उठल्याबसल्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, त्या दिवशी पुण्याची अब्रू बाहेरून आलेल्यांनी राखली.

नेमका धोका ज्याच्या मागे लागला आहे त्याने खुशाल जावे. त्याच्या जाण्यात कमीपणा नाही. कामासाठी, शिक्षणासाठी, सुखासाठी जाणाऱ्यासही आमच्या शुभेच्छा आहेत. परंतु केवळ धास्तीने जो जातो त्याने जाण्यापूर्वी हे समजून घ्यावे की, त्याच्या जाण्याने त्या रस्त्यावरील एक उजळलेली खिडकी विझणार आहे आणि मागे राहिलेल्यांचा अंधार तेवढा वाढणार आहे. पानशेतच्या पुराने १२ जुलै १९६१ रोजी या शहराची घरे वाहून नेली, तरी चिखल उपसून माणसे परत आली. कारण एकमेकांना ओळखणारी माणसे शिल्लक होती. आज घरे पक्की आहेत. ओळख तेवढी विरळ झाली आहे. ती पुन्हा दाट करण्याचे काम कोणत्याही अधिसूचनेने होणार नाही. समोरच्या दारावरची बेल दाबून "आम्ही तुमचे शेजारी" असे सांगण्यापासून त्याचा आरंभ होतो आणि तो आज संध्याकाळी करता येण्यासारखा आहे.